पार्किंगमधली जिंजी

२८ सप्टेंबर, रविवार

मंदार देवस्थळीने आज लिफ्टपाशी गाठलं. तो दुसऱ्या मजल्यावर राहतो, आयटीत आहे, आणि एग्मोरमधल्या आमच्या तमिळबहुल इमारतीतल्या चार-पाच मराठी घरांचा स्वयंघोषित सरदार आहे.

"अगं ऋजुता, तू मोजमापवाली ना?"

मी श्रीपेरुंबुदूरच्या एका कार कारखान्यात मापन विभागात आहे. दाराची चौकट आराखड्याबरहुकूम आली की नाही, हे यंत्रावर तपासते. हो म्हटलं.

"मग यंदा दिवाळीचा किल्ला तुझ्याकडे."

पोरांना फटाके कळतात, किल्ला कळत नाही, असं त्याचं म्हणणं. मी नकार दिला. आठ महिन्यांत मी या इमारतीत कुणाकडे चहाही घेतलेला नाही आणि ते मला सोयीचं आहे. मग त्याने गेल्या वर्षी गॅलरीत केलेल्या रायगडाचा फोटो दाखवला. महाराज टकमक टोकापेक्षा उंच होते. पायऱ्या कड्यातून निघून कड्यातच संपत होत्या. मला तो फोटो फार वेळ बघवला नाही. फक्त आराखडा देईन म्हटलं.

"रायगडच करू. मोठा."

तळमजल्याच्या दारातून कृष्णकांतराव म्हणाले, "रायगड कशास? रायगड तिकडचा. जिंजी करा की. इकडचें इकडे करावें."

ते तंजावरी मराठी. इमारत त्यांना मामा आणि त्यांच्या बायकोला, सुनंदाबाईंना, मामी म्हणते. त्यांचं मराठी मला अर्धं कळतं. उरलेलं जुन्या कागदांतलं वाटतं, किंवा तमिळ.

"आमची माणसें जिंजीवरून उतरून तंजावरास गेली म्हणतात," ते म्हणाले. "खरें खोटें देवास ठाऊक. मी कधी चढलों नाही. आतां गुडघे नाहीत."

यंदा युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे जे किल्ले आले त्यात जिंजी आहे, हे आठवून मंदार एकदम विरघळला. मी वर येऊन उपग्रहाचे उंचीचे आकडे उतरवून घेतले. एक वाजता जेवायचं ठरवलं होतं, चार वाजले. तीन डोंगर, त्यांना जोडणारी तटाची त्रिकोणी माळ, मध्ये अख्खं शहर. असा आकार मी आधी पाहिलेला नव्हता.

२ ऑक्टोबर, गुरुवार

सुट्टी. मामींनी कोलू बघायला बोलावलं. आराखड्याबद्दल मामांना विचारायचंच होतं, म्हणून गेले.

कोलू म्हणजे नवरात्रात पायऱ्या मांडून त्यावर बसवलेल्या बाहुल्या. देव, राजे, वाणी आणि वाणीण पोत्यांसकट, लग्नाची वरात, बँडवाले. मामींच्या सासूच्या सासूपासूनच्या. २०१५च्या पुरात अर्ध्या गेल्या. उरलेल्या वर्षभर मागच्या खोलीत दोन ट्रंकांत असतात.

"ट्रंका जमिनीवरच ठेवता?" मी विचारलं.

"वर ठेवायास मामांस उचलवना, मला उचलवना. कौशिकाचा पत्ता नाही. तो रेल्वेचा नवरा."

कौशिक म्हणजे त्यांचा धाकटा मुलगा. रेल्वेत सिग्नल विभागात. तो तेवढ्यात आला, द्रोणातलं सुंडल, म्हणजे हरभऱ्याची कोरडी उसळ, उभ्यानेच खाल्लं, माझा नकाशा दोन्ही हातांनी धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "हे तुमी केलें? नीट आहे." त्याच्या मराठीत तमिळचा हेल आहे. ऐकायला त्रास होतो. जिंजी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय आकड्यांवर विसंबू नये, असं मी म्हटलं. रविवारी त्याला सुट्टी आहे. मंदारलाही आहे. तिघं जाऊ.

५ ऑक्टोबर, रविवार

मंदारच्या मुलीला ताप आला, तो राहिला. मी आणि कौशिक तिंडिवनमपर्यंत रेल्वेने आणि पुढे बसने गेलो.

मला हे नीट लिहायचं आहे आणि जमत नाही. पडद्यावरचे आकडे बरोबर होते. एकही चुकीचा नव्हता. पण रस्त्याच्या वळणावर राजगिरी, तिघांतला सगळ्यात उंच डोंगर, दिसला तेव्हा मी बसमध्ये उभी राहिले, आणि कंडक्टर ओरडल्यावर बसले. डोंगर म्हणजे मातीचा चढ असं मी धरून चालले होते. हे डोंगर म्हणजे कुणीतरी गाडी भरभरून आणून ओतलेले धोंडे, आणि धोंड्यांच्या फटींतून तट चढलेला. जिथे धोंडाच पुरेसा उभा आहे तिथे भिंत बांधलेलीच नाही. ज्याने हे बांधलं त्याने एकही दगड उगाच वापरला नाही. अशा माणसाबरोबर काम करायला मला आवडलं असतं.

खाली शहर. कोठारं, व्यायामशाळा, घोड्यांच्या पागा, मशीद, देऊळ, हत्तींचं तळं, कल्याणमहाल. राजाराम महाराज इथे होते, बाहेर मोगलांचा झुल्फिकारखान वर्षानुवर्षं वेढा घालून बसला होता, आणि आत बाजार भरत असणारच. मीठ, तेल, बांगड्या. हा विचार मला आधी कधी आला नव्हता. किल्ला म्हणजे मला तोफा वाटायच्या.

माथ्याजवळ एक खोल घळ आहे आणि तिच्यावर पूल. मी लेसरने तिची रुंदी मोजत होते. कौशिक म्हणाला, "तुमी मोजा, मी तुमचा दुपट्टा धरतों, वारा आहे." धरला. गरज होती असं नाही, पण वारा होता.

वर पोचल्यावर तो तटाच्या कडेकडेने एक फेरी मारून आला. मग फोन काढून मामांना व्हिडिओ लावला आणि फोन हळूहळू गोल फिरवला. मामा पलीकडून म्हणत होते, "थांब, थांब, उजवीकडे परत दाखव." आम्ही तीनदा उजवीकडे परत दाखवलं.

परतीच्या गाडीत मी सगळी मापं वहीत उतरवली. कौशिकने विचारलं, पुन्हा यायला लागेल का. मापं पूर्ण आहेत, असं सांगितलं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

इमारतीच्या सचिव रंजनी मॅडमनी पार्किंगचा मागचा कोपरा दिला, मामांच्या घराच्या लगतचा. दोन गाड्या मावतील एवढा. अट एकच, दिवाळीनंतर जसा होता तसा हवा.

मी कोपरा तपासला. फरशीला भिंतीकडे चांगलाच उतार आहे आणि टोकाला लोखंडी जाळी. असल्या पायावर काही उभं करणं शक्य नाही. जाळीवर जाड प्लायवूड टाकलं, उतार वाळू-मातीने भरून ठोकला, आता पातळी तपासायची नळी लावली तर बुडबुडा मधोमध येतो. जाळी मोजायला सोयीची होती, म्हणून शून्य बिंदू तिच्यावरच धरला. राजगिरी तिथे येईल. कामाची सुरुवात स्वच्छ झाली याचं समाधान वाटलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

काल उंचीनुसार पुठ्ठ्याचे थर कापून एकावर एक लावले. एकास पाचशे. मंदार ऑफिसातून आला, बॅग न उतरवता पाहत राहिला.

"किल्ला केलायस की पुरणपोळी लाटलीस?"

"प्रमाणात आहे."

"प्रमाणात असेल. पण हा चढायला कुणाला भीती वाटेल? मुंगीला पण नाही वाटणार."

मी प्रमाणाचं महत्त्व समजावलं. तो म्हणाला, "बरं बाई, तू इंजिनिअर," म्हणजे पटलेलं नाही.

आज कामावर जाताना बसमध्ये विचार केला. तिथे चढताना डोंगर दुप्पट उंच वाटला होता, हे खरं आहे. नकाशावाले उठाव दिसावा म्हणून उंची वाढवतात. ती चूक नसते, पद्धत असते, फक्त तसं लिहावं लागतं. संध्याकाळी सगळ्या थरांच्या उंच्या दुप्पट केल्या आणि पाटी लिहिली: उंची दुप्पट दाखवली आहे. राजगिरी आता माझ्या कमरेच्या वर येतो. मंदारने येऊन नुसता सलाम ठोकला.

१२ ऑक्टोबर, रविवार

विनायकाच्या मूर्ती करणाऱ्याकडून उरलेली माती आणली. काळी, चिकट, उत्तम. दिवसभर लिंपण. हातांना अजून वास येतोय. इमारतीतले निम्मे लोक खाली होते. मी इतक्या लोकांशी एका दिवसात कधी बोलले नसेन.

दुपारी भांडण झालं. मंदारने भगवा आणला होता. रंजनी मॅडम म्हणाल्या, जिंजी म्हणजे देसिंग राजा, इथलं शाळेतलं पोरही सांगेल. मंदार म्हणाला, देसिंग नंतरचा, आणि तोही बुंदेलखंडातून आलेला. मॅडम म्हणाल्या, मग तुमचे कुठून आले होते.

मामा खुर्चीतून म्हणाले, "कोनार, नायक, विजापूरकर, आम्ही, मोगल, देसिंग, नवाब, फरासीस, इंग्रज. अस्क्यांचे झेंडे लावा. मग किल्ला दिसायचा नाही, काम सोपें होईल." (अस्के म्हणजे सगळे.)

"झेंडे पुरे," मामी म्हणाल्या. "एवढें गांव केलें, त्यांत माणसें कोठें आहेत?"

मी सांगितलं की या मापात माणूस मोहरीच्या दाण्याहून जरासा मोठा येईल, करता येणार नाही. त्या आत गेल्या, मूठभर मोहरी घेऊन आल्या आणि तटाच्या आतल्या बाजूने बाजारपेठेवर भुरभुरली. "घे. ही तुझी माणसें." मी काही बोलायच्या आत रंजनी मॅडमनी त्यांच्या हातातली उरलेली मोहरी घेतली आणि पागेपाशी टाकली. मंदारने झेंडा गुंडाळून खिशात ठेवला.

कौशिक आठवडाभर अरक्कोणमला ड्यूटीवर आहे. त्याला फोटो पाठवले, एकूण एकवीस. काम कसं पुढे जातंय हे दाखवण्यासाठी तेवढे लागतात.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

ईशान्य मान्सून सुरू झाल्याची बातमी. आमच्याकडे दिवाळीत पाऊस गेलेला असतो, इथे तो यायचा असतो. हे मला माहीत होतं, पण किल्ल्याशी जोडलं नव्हतं. मंदारने ताडपत्री आणली. चार बांबू, दोऱ्या. मी ताण मोजून बांधली. थेंबही आत येणार नाही.

२० ऑक्टोबर, सोमवार

आमचा बेत असा होता की किल्ला उद्या, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दाखवायचा. आवडी नावाच्या उपनगरातल्या कारखान्यातली मराठी कुटुंबंही येणार आहेत. पण इथली दिवाळी आज पहाटेच होती. सहा वाजता खाली आवाज आला म्हणून गेले, तर न्हाऊन, नवे कपडे घालून अख्खी इमारत किल्ल्याभोवती उभी. तट रंगवायचा राहिला होता. कल्याणमहालावर छप्परही नव्हतं. कुणाला फरक पडला नाही.

लोक विचारत होते आणि मी सांगत होते. हा पूल का, हे तळं कुणाचं. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी, ज्यांच्याकडे पाहून मी आजवर फक्त मान हलवली आहे, मला सोळा प्रश्न विचारले. घसा बसला. मामींनी दिवाळीचं काळं लेह्य चाटवलं, आलं-मिऱ्याचं, भयंकर तिखट. "बोल आतां," म्हणाल्या.

कौशिक अजून अरक्कोणमलाच. उद्या येतो म्हणाला.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

क्रमाने लिहिते.

पहाटेपासून पाऊस. असा पाऊस मी पाहिलेला नाही, थांबून श्वासही घेत नव्हता. ताडपत्री टिकली. नऊच्या सुमारास मी खाली गेले, किल्ला कोरडा पाहिला आणि खूश झाले. पार्किंगमध्ये घोट्याएवढं पाणी होतं. ते इथलं नेहमीचं असावं असं धरलं.

दहा वाजता मामींनी हाक मारली. मागच्या खोलीत पाणी शिरलं होतं. मी आणि मंदारने पहिली ट्रंक पलंगावर ठेवली. दुसरी जड होती आणि तिच्या तळातून पाणी टपकत होतं. मामी तिच्याखाली जुने टॉवेल कोंबत होत्या. २०१५ला असंच झालं होतं का, हे मी विचारलं नाही.

तेवढ्यात कौशिक स्टेशनवरून आला, गुडघ्यापर्यंत भिजलेला. त्याने पार्किंगकडे पाहिलं आणि विचारलं, "पिट कोठें आहे?"

"कुठला पिट?"

"पावसाच्या पाण्याचा. कोपऱ्यात. लोखंडी जाळी."

या शहरात प्रत्येक इमारतीला पावसाचं पाणी जिरवायचा खड्डा असतो. फरशीचा उतार त्यासाठीच होता. सगळं आवार त्या जाळीकडे वाहतं, आणि मी त्या जाळीवर प्लायवूड ठोकून, उतार भरून, वर राजगिरी उभा केला होता. गाड्यांची मापं तपासणाऱ्या माणसाने इतकं तरी विचारायला हवं होतं की हा उतार आहे तो का आहे. मी तो दोष समजून दुरुस्त केला.

मंदार म्हणाला, बादल्यांनी उपसू, संध्याकाळी माणसं येणार आहेत, तासाभरात पाऊस थांबेल. रंजनी मॅडम फोनवर पंपवाल्याशी बोलत होत्या, तो येणार नव्हता. पाणी मामांच्या पुढच्या उंबऱ्याला लागलं होतं. मी फावडं घेतलं. घाव पहिला मीच घालायला हवा होता, बाकी कुणी घातला असता तर मला ते बघवलं नसतं.

माती ओली नव्हती, पक्की बसली होती. माझंच लिंपण. मंदार दोन मिनिटं उभा राहिला, मग घमेलं घेऊन आला. कौशिक हातांनीच ओढत होता. "तू सरक, तुझ्या पायाखाली प्लाय आहे," तो मला म्हणाला. घाईत माणसं अहोजाहो आखडतात.

मामा दारातून, घोटाभर पाण्यात खुर्ची रोवून म्हणाले, "झुल्फिकारखानास आठ वर्षें लागली. ही पोर दुपारच्या जेवणाआधीं घेणार."

मला हसू आलं. अशा वेळी हसायला नको होतं, पण मंदारही हसला, आणि मग कुणालाच थांबता येईना. प्लायवूड उपटलं तेव्हा आधी काहीच झालं नाही. मग मोठा घशातून आल्यासारखा आवाज आला आणि पाणी फिरायला लागलं.

राजगिरीच्या बाजूचा बांबू आम्हीच पाडला होता, त्यामुळे ताडपत्री कोसळली आणि उरलेल्या किल्ल्यावर पाऊस थेट पडू लागला. मी ती ओढायला गेले आणि तशीच थांबले.

उरलेल्या दोन्ही डोंगरांवरून पाणी खाली येत होतं. कुठेही नाही, नेमक्या ओघळींतून. ओघळी खंदकात, खंदक शहराला वळसा घालून हत्तींच्या तळ्यात. तळं भरलं. मग दुसरं भरलं. मी ती तळी खोलगट केली होती कारण नकाशात ती खोलगट होती. पाणी कुठून येणार याचा मी विचारच केला नव्हता, किल्ला बांधणाऱ्यांनी केला होता. शहर तिथे का वसवलं, हे माझ्या डोळ्यांसमोर वाहत होतं. वेढा पडला तरी आतली माणसं का टिकली, तेही. मोहरीला कोंब आले होते आणि पाणी त्यांना बगल देऊन जात होतं.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. "बघा, बघा" असं काहीतरी, आणि बहुधा तमिळमध्ये, कारण रंजनी मॅडम फोन सोडून धावत आल्या. सगळे पावसात उभे राहून हत्तींचं तळं भरताना बघत होतो. मामांना खुर्चीसकट उचलून आणलं.

संध्याकाळी आवडीहून माणसं छत्र्या घेऊन आली. एक डोंगर कमी असलेली जिंजी त्यांना दाखवली. मंदार प्रत्येकाला सांगत होता, "राजगिरी पडला तो आमच्या हातांनी. आतलं पाणी बाहेर काढायला." जणू तसा बेतच होता.

त्याआधी, पाणी उतरल्यावर, मी मामींना सांगितलं की जाळी मी बुजवली होती.

त्या फरशी पुसत होत्या. "एवढें शिकविलें, आणि पाणी खालीं जातें हें शिकविलें नाही?"

"नाही."

"बरें. हा कोपरा पूस. मग ट्रंक उघडूं."

मातीच्या सात बाहुल्यांचा चिखल झाला होता. वाणी गेला, त्याची पोती राहिली. मामींनी पोती एकेक करून पदराने पुसली. मग म्हणाल्या, "दुकान आहे. माणूस मिळेल." मी हात पुसून पुन्हा कोपरा पुसला, तो कोरडा होता तरी.

२२ ऑक्टोबर, बुधवार

रजा वाढवून घेतली. पाऊस ओसरलाय, पण ऊन नाही. मामींचं घर ओलं, गच्ची ओली, बाहुल्या वाळवायच्या कुठे हा प्रश्न होता. इमारतीत कोरडी जागा एकच, जिना. तळमजल्यापासून वरपर्यंत प्रत्येक पायरीच्या भिंतीकडच्या टोकाला वर्तमानपत्र टाकून एकेक बाहुली ठेवली. देव, राजे, बँडवाले, वरात चढणीला लागलेली. लोक कडेकडेने, पाय तिरका टाकत चढत आहेत. रंजनी मॅडमनी लिफ्टपाशी नोटीस लावली: जिना वापरात आहे, कृपया सावकाश. खाली सुकलेली मंडळी कोण आणि ओली कोण याच्यावर मंदारचं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांचं वाजलंसुद्धा.

कामावरून फोन आला की उद्या दाराच्या नव्या चौकटी तपासायच्या आहेत. मी त्यांना सांगितलं, आधी विचारा की जुनी तशी का होती.

जिना माझ्या दारापाशी संपतो. तिथे मामींनी तांबड्या लाकडाची एक जोडी ठेवली आहे, नवरा आणि नवरी. रंजनी मॅडम वर आल्या, जोडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या की ही मामींना त्यांच्या लग्नात मिळालेली, अशी जोडी दाराबाहेर ठेवत नाहीत, आत घे. मी आत घेतली नाही. लाकूड वाळायला माती-कागदापेक्षा जास्त वेळ लागतो आणि वरच्या मजल्यावर हवा खेळती असते, म्हणून इथे ठेवली असणार. हे तर्काला धरून आहे.

जोडी वाळली का ते बघायला कौशिक सकाळपासून तीनदा वर येऊन गेला. लाकडाला इतक्या वेळा तपासायची गरज नसते. मी त्याला तसं सांगितलं नाही.